शाळा सोडून वीस वर्षं झाली आणि आता प्लेसमेंट टेस्ट

या वेळी आलेली पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयाची निघाली. अमेरिकेत राहणारी आपली माणसं, कुणी चाळिशीतली कुणी पन्नाशीतली, मुलं जरा मोठी झाली किंवा नोकरी गेली किंवा फक्त मनात राहून गेलं होतं म्हणून कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांच्या डिग्र्या आणि सर्टिफिकेट्स देणारं गावातलं कॉलेज) नाव घालायला निघालीयत आणि सगळ्यांचं घोडं अडलंय ते प्लेसमेंट टेस्टपाशी, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या परीक्षेपाशी. मी स्वतः एका कम्युनिटी कॉलेजात ॲडव्हायझिंगचं काम करते, हे चेहरे माझ्या टेबलासमोर रोज असतात, म्हणून म्हटलं या वेळचं सगळं सदर यालाच देऊ. पत्रं थोडी कापलीयत, गाव आणि नावं काढलीयत.

प्रश्न: नमस्कार ताई. मी न्यू जर्सीत राहते, वय ४४. शाळा मराठी मीडियम, नंतर बी.कॉम. केलं, मग लग्न होऊन इकडे आले. आता ग्रीन कार्ड झालंय आणि मला अकाउंटिंगची असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री करायचीय. कॉलेजचा फॉर्म भरला तर ईमेल आला की ॲक्युप्लेसर नावाची टेस्ट द्या, इंग्लिश आणि मॅथ दोन्ही. गणितात मी कधी कच्ची नव्हते पण आता अपूर्णांकाचा भागाकार समोर आला तरी हात थांबतो. मुलगा म्हणतो मम्मी इट्स सो इझी. नापास झाले तर ॲडमिशन जाईल का? अभ्यास कशाचा करू? आणि खरं सांगू, मैत्रिणींनासुद्धा सांगितलेलं नाहीये.

उत्तर: ॲडमिशन जाणार नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. कम्युनिटी कॉलेजला प्रवेश सगळ्यांना खुला असतो (नर्सिंगसारखे काही कोर्स सोडून, त्यांचे नियम वेगळे) आणि ॲक्युप्लेसरमध्ये पास-नापास असा प्रकारच नाही. २०० ते ३०० मध्ये स्कोअर येतो आणि त्यावरून तुम्हाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरतं, एवढंच त्याचं काम.

पण म्हणून "काही अभ्यास करू नका, ही फक्त तुम्हाला ओळखायची टेस्ट आहे" असं कुणी काउंटरवर म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. हे वाक्य मी फार ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. कारण स्कोअर कमी आला की तुम्हाला डेव्हलपमेंटल (शाळेतलं मागचं परत शिकवणाऱ्या) मॅथ किंवा इंग्लिशला टाकतात, त्याची फी भरावी लागते, सेमिस्टर जातं आणि ते क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. फेडरल एड (शिक्षणासाठीची सरकारी मदत) मिळत असेल तर तीही अशा कोर्सेसना जास्तीत जास्त ३० सेमिस्टर अवर्सपर्यंतच चालते. ज्या बाईला खरंच त्या वर्गाची गरज आहे तिने तिथे आनंदाने बसावं, पण जिला फक्त उजळणी हवी होती ती निव्वळ तयारी न करता गेली म्हणून दोन सेमिस्टर मागे पडते तेव्हा मला फार वाईट वाटतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे, त्यांच्या अभ्यासात तर असं दिसलं होतं की अशा टेस्टवरून बसवलेल्यांपैकी गणितात साधारण चारातला एक आणि इंग्लिशमध्ये तिनातला एक चुकीच्या वर्गात पडतो. म्हणजे टेस्ट सांगते ते ब्रह्मवाक्य नव्हे.

आता पहिलं काम. टेस्टची तारीख घेण्याआधी कॉलेजला ईमेल करून विचारा की मला ही टेस्ट लागते का. तुमच्याकडे बी.कॉम.ची डिग्री आहे, तिच्या मार्कशीट्स आहेत. त्या डब्ल्यूईएस किंवा ईसीई सारख्या एजन्सीकडून इव्हॅल्युएट करून घ्या, म्हणजे तुमची डिग्री इथल्या हिशोबात कशाच्या बरोबरीची ते त्या लिहून देतात. एजन्सी नेसेस या संघटनेची मेंबर आहे ना ते बघा, बहुतेक कॉलेजं तेच मागतात. आणि रिपोर्ट मागवताना "कोर्स बाय कोर्स" मागवा, साधा डिग्रीचा रिपोर्ट स्वस्त पडतो पण त्यात विषयांची नावं नसतात त्यामुळे इथे तो कामाचा नाही. बी.कॉम.ला बिझनेस मॅथ, स्टॅटिस्टिक्स असा पेपर असेल तर मॅथची टेस्ट माफ होऊ शकते, कधी थेट क्रेडिटही मिळतं. इंग्लिश मात्र बऱ्याच ठिकाणी सुटत नाही, परदेशातून आलेल्याला द्यावीच लागते. जे काही उत्तर येईल ते लेखी घ्या, कारण फोनवर एक जण हो म्हणतो आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी दुसरा नाही म्हणतो.

माफी नाही मिळाली तर टेस्ट समजून घ्या. ही कॉम्प्युटरवरची ॲडॅप्टिव्ह टेस्ट आहे म्हणजे तुमचं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. त्यामुळे मध्येच अवघड वाटायला लागलं तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा तुमचं चांगलं चाललंय म्हणूनच ते होतं. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलताही येत नाही. आपल्याला सवय काय, आधी येतील ते सोडवायचे मग उरलेले बघायचे, ते इथे चालत नाही. पण याच्या बदल्यात वेळेचं बंधन नाही! रीडिंगचे २० प्रश्न, रायटिंगचे २५ आणि गणिताचे प्रत्येक भागात २०, आणि घड्याळ मागे लागलेलं नाही. तरी मी बघते, आपली माणसं बोर्डाचा पेपर असल्यासारखी धावत सुटतात, शेजारच्या खुर्चीवरचा अठरा वर्षांचा मुलगा उठून गेला की यांची घाई वाढते. तो त्याची टेस्ट देतोय, तुम्ही तुमची. कच्चा कागद मिळतो, त्यावर प्रत्येक गणित मांडून करा.

गणितात तीन भाग असतात: अरिथमेटिक, मग क्यूएएस (यात प्रमाण, टक्केवारी, साधी समीकरणं, सरासरी, प्रोबॅबिलिटी, थोडी भूमिती) आणि तिसरा ॲडव्हान्स्ड अल्जिब्रा. तुमच्या कोर्सला कुठलं मॅथ लागतं ते डिपार्टमेंटला विचारा. अकाउंटिंगच्या असोसिएटला बऱ्याच कॉलेजात स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जिब्रा लागतं, तसं असेल तर त्रिकोणमिती आणि लॉगरिदमच्या मागे लागून रात्री जागवू नका, क्यूएएस पक्कं करा.

अभ्यास कुठून सुरू करायचा? अपूर्णांकांपासून. हसू नका, माझ्या टेबलाशी येणाऱ्यांचे मार्क सगळ्यात जास्त तिथेच जातात. तीन चतुर्थांश भागिले दोन तृतीयांश, दुसरा उलटा करून गुणायचा, उत्तर नऊ अष्टमांश, हे हाताला परत बसलं पाहिजे. कारण पुढे समीकरणात हेच अपूर्णांक अक्षरांच्या आड येतात. मग दशांश, ०.४ मोठा की ०.३५ असले प्रश्न, मग टक्के. एखाद्या वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी कमी केली आणि मग २० टक्क्यांनी वाढवली तर पहिल्याएवढी होते का? नाही होत, ४ टक्के कमीच राहते, १०० ची ८० आणि ८० ची ९६. अशी पाच-सहा गणितं रोज कागदावर केली तरी महिन्याभरात हात सुटतो.

आणि एक गोष्ट मराठी मीडियमवाल्यांसाठी खास. आपण "कंचेभागुबेव" घोकलं, इथली मुलं पेमडास म्हणतात. दोन्हीत लोक एकच चूक करतात, अक्षरांचा क्रम शब्दशः घेतात. १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी म्हणून ४ आणि ३ मिळवले तर उत्तर ३ येतं आणि ते चूक आहे. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरची, डावीकडून उजवीकडे जायचं, उत्तर ९. तसंच भागाकार-गुणाकाराचं, २४ ÷ ६ × २ म्हणजे ८, २ नव्हे. चुकीचं उत्तर पर्यायांमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं आणि आपण खुशीत तेच दाबतो. बाकी रेषेचं समीकरण आपण वाय = एमएक्स + सी असं शिकलो ते इथे वाय = एमएक्स + बी लिहितात, मसाविला जीसीएफ म्हणतात, आणि इंच-फूट-गॅलन यांची एकदा ओळख करून घ्या.

पुस्तक विकत आणायची गरज नाही. टेस्ट कॉलेज बोर्डाची आहे आणि त्यांच्याच साइटवर सरावाचे प्रश्न फुकट आहेत. खान अकॅडमीवर प्रीअल्जिब्रा, अल्जिब्राचे व्हिडिओ आहेत. वाचूनच समजतं अशांसाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं प्रीअल्जिब्राचं पुस्तक ऑनलाइन फुकट मिळतं. कॅल्क्युलेटरची सवय लावून घेऊ नका, टेस्टमध्ये आपला नेता येत नाही, काही ठराविक प्रश्नांनाच स्क्रीनवर उघडतो.

मैत्रिणींना सांगायचं की नाही ते तुमच्यावर, पण मला विचाराल तर एकीला तरी सांगा. त्यातल्या दोघी-तिघी मनात हेच घेऊन बसल्या असतील अशी माझी खात्री आहे.

प्रश्न: टेक्सासमध्ये आहे, वय ५१. कंपनीने घरी बसवलं. इंडियातली इंजिनियरिंगची डिग्री आहे, आता एचव्हॅकचं (एसी-हीटिंगचं) सर्टिफिकेट करून स्वतःचं काही चालू करायचा विचार आहे. कॉलेज टीएसआय द्या म्हणतंय. इंजिनियरला अल्जिब्राची परीक्षा?

उत्तर: दादा, तुमच्याकडे यातून सुटायचा रस्ता बहुतेक आहे. टेक्सासमध्ये टीएसआय, म्हणजे विद्यार्थी कॉलेजच्या अभ्यासाला तयार आहे का ते तपासणं, हा राज्याचा नियम आहे, २०२१ पासून त्याच्या टेस्टची टीएसआयए२ ही नवी आवृत्ती चालते, आणि त्याच नियमात सवलतींची यादी आहे. कम्युनिटी कॉलेजातलं एक वर्षाच्या आतलं, ४२ क्रेडिटपर्यंतचं लेव्हल वन सर्टिफिकेट करणाऱ्याला टीएसआय लागत नाही. एचव्हॅकची बरीच सर्टिफिकेट्स यात बसतात, तुमचं बसतं का ते डिपार्टमेंटला विचारा. म्हणजे ॲडव्हायझरला "मला टेस्ट माफ करा" असं न म्हणता "माझा प्रोग्राम लेव्हल वन आहे का" असं विचारा, उत्तर लगेच मिळेल. डिग्रीवरूनही सवलत असते पण परदेशी डिग्रीसाठी इव्हॅल्युएशन लागणार आणि शेवटी निर्णय कॉलेजचा.

उद्या असोसिएट करायचं ठरलंच तर मात्र द्यावी लागेल. आधी प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी ऑनलाइन पूर्ण करावी लागते, ती न करता गेलात तर टेस्टला बसूच देत नाहीत, खूप जण त्या दिवशी दारातून परत येतात. गणितात ९५० हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या खाली गेलं की त्याच बैठकीत लगेच डायग्नॉस्टिक नावाचा लांबलचक भाग सुरू होतो, त्यात सगळ्यात वरची म्हणजे सहावी लेव्हल मिळाली तरी तुम्ही कॉलेज-रेडी धरले जाता, त्यामुळे कंटाळून काहीही टिक करू नका.

प्रश्न: ताई, वय ३६, पुन्हा शिकतेय, कॉम्प्युटर सायन्स करायचंय. आमच्या कॉलेजने ॲलेक्स नावाची मॅथ टेस्ट घरून द्यायला सांगितली. नवरा इंजिनियर आहे, तो शेजारी बसला आणि बरीचशी उत्तरं त्यानेच सांगितली, आम्हाला वाटलं चांगला स्कोअर आला तर बरंच. आता मला प्रीकॅल्क्युलसला बसवलंय आणि दुसऱ्या आठवड्यातच काही कळेनासं झालंय. कॉलेजला खरं सांगू का? काढून टाकतील का?

उत्तर: अगं, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस, कारण असं झालेली तू एकटी नाहीस आणि बाकीच्या गप्प बसून सेमिस्टरच्या शेवटी एफ घेतात. नवऱ्याने मायेपोटी केलं हे मला कळतं. पण त्याने त्याचं गणित तुझ्या नावावर लिहिलं आणि रोज वर्गात बसायचंय तुला.

आता वेळ महत्त्वाचा आहे, म्हणून हे आजच कर. कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये ॲड-ड्रॉपची (वर्ग बदलायची किंवा सोडायची) शेवटची तारीख बघ. ती गेली नसेल तर ॲडव्हायझरला भेट आणि सरळ सांग की हा वर्ग मला झेपत नाहीये, मला खालचा हवाय. खाली जायला सहसा कुणी अडवत नाही. तारीख गेली असेल तर विथड्रॉची (कोर्स मधेच सोडायची) तारीख नंतर असते, तेव्हा ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येतो, पैसे बहुधा परत मिळत नाहीत पण डब्ल्यूने जीपीए (ग्रेडची सरासरी) बिघडत नाही आणि एफने बिघडतो. फायनान्शियल एड घेत असशील तर ड्रॉप करायच्या आधी त्या ऑफिसात पण विचार, क्रेडिट्स कमी झाली की एड हलते.

खरं सांगायचं का? माझं मत, सांग. ती टेस्ट तू एकटीने दिलेली नाही हे कॉलेजच्या नियमात बसत नाही, पण आपण होऊन आलेल्या आणि खालचा वर्ग मागणाऱ्या विद्यार्थिनीला मदत करायचीच लोकांची इच्छा असते, मी तरी हेच बघितलंय. "स्कोअर माझा एकटीचा नाही, मला टेस्ट परत एकटीने द्यायचीय" एवढं वाक्य पुरे.

आणि ॲलेक्स नीट दे, कारण ती टेस्ट त्यासाठी चांगलीय. जास्तीत जास्त ३० प्रश्न, पर्याय नसतात, उत्तर स्वतः लिहायचं, ० ते १०० मध्ये स्कोअर. "आय डोन्ट नो" असं बटण असतं आणि येत नसेल तर ते दाबायचं, अंदाज मारायचा नाही. कारण तुला काय येत नाही याचा नकाशा काढून ती त्यावरूनच तुला प्रेप मोड्यूल देते, त्यात नेमके तेच धडे. एका कॉलेजला पाचपर्यंत अटेम्प्ट देता येतात, तुमचं कॉलेज किती देतं ते बघ, आणि मधल्या वेळात मोड्यूलवर तास घातले की स्कोअर खरोखर वर जातो. नवऱ्याला मोड्यूलच्या वेळी शेजारी बसव, शिकवू दे त्याला हवं तेवढं. टेस्टच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात. माझी बायको कम्युनिटी कॉलेजला जातेय तर ते म्हणतात टेस्टच नाही, फॉर्मवर प्रश्नांची उत्तरं द्या आणि थेट कॉलेज लेव्हलला बसा. यात काही गोम आहे का?

उत्तर: गोम नाही, कायदा आहे. एबी ७०५ नावाचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१९ च्या फॉलपासून तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत पूर्ण लागू झाला, मग २०२२ मध्ये एबी १७०५ ने तो आणखी घट्ट केला. टेस्टवरून लोकांना वर्षानुवर्षं खालच्या वर्गात अडकवून ठेवायचं नाही, हायस्कूलचे मार्क बघायचे, आणि विद्यार्थी ट्रान्स्फर लेव्हलचं (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरलं जाणारं) मॅथ आणि इंग्लिश एका वर्षात पूर्ण करेल अशीच जागा द्यायची. ज्यांच्याकडे इथलं हायस्कूल नाही त्यांना गाइडेड सेल्फ प्लेसमेंट, म्हणजे नमुने बघून आपलं आपण ठरवायचं.

मला हा कायदा मनापासून आवडतो, पण वहिनींसारख्यांना त्यात एक जपायला हवं. वीस वर्षांनी थेट कॉलेज लेव्हल मॅथ म्हणजे पहिले तीन आठवडे दम लागणार. तेव्हा रजिस्टर करताना त्याच कोर्सचा सपोर्ट सेक्शन (को-रिक्विझिट) आहे का विचारा आणि तोच घ्या, आठवड्याला दोन-एक तास जास्त जातात पण शिक्षक तेच मागचं अडलेलं सोडवून देतात. स्टॅटिस्टिक्सच्या रस्त्याने जायचं की कॅल्क्युलसच्या ते मेजरवर ठरतं, मैत्रीण काय घेतेय त्यावर नाही. इंग्लिश बोलायला-लिहायला अवघड जात असेल तर ईएसएलची (इंग्लिश ही दुसरी भाषा असलेल्यांच्या वर्गांची) वाट वेगळी आहे आणि कायद्यात तिला तीन वर्षांची मुदत धरलीय, त्यामुळे तिथे घाईने वरची लेव्हल निवडू नका.

प्रश्न: माझं इंग्लिश बोलणं बरं आहे, दुकानात, मुलांच्या शाळेत सगळं निभावते, पण लिहायचं म्हटलं की पोटात गोळा. कॉलेजात विचारलं "फर्स्ट लँग्वेज" काय, मी मराठी लिहिलं तर म्हणाले ईएसएलची टेस्ट द्या. जाऊबाई म्हणतात इंग्लिश लिहायला हवं होतं. निबंधाची तयारी कशी करू?

उत्तर: खरं लिहिलंत ते योग्यच केलंत. आणि ईएसएलला बसवलं म्हणजे कमीपणा असं धरून बसू नका. ॲक्युप्लेसरची ईएसएलची टेस्ट वेगळी असते, त्यात ऐकणं, वाचणं, वाक्यांचा अर्थ, वापर असे भाग असतात, आणि चांगला स्कोअर आला तर तुम्हाला पुढे नेहमीच्या इंग्लिशकडे पाठवतात. तुम्हाला वाटत असेल की मी यापेक्षा पुढे आहे, तर विनंती करा की दोन्ही टेस्ट देऊ द्या. एक मात्र विचारून ठेवा, तुमच्या कॉलेजात ईएसएलचे कोर्स क्रेडिटचे आहेत की नाहीत आणि फी किती, कारण ॲडल्ट एज्युकेशनमध्ये ईएसएल बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र फीमध्ये मिळतं आणि तिथे वर्षभर काढून मग कॉलेजला आलं तरी चालतं.

निबंधाचं नाव राइटप्लेसर. एक छोटा उतारा देतात, त्यावर प्रश्न, आणि तुम्ही तुमचं मत मांडायचं, ३०० ते ६०० शब्द. विषयाची माहिती असावी लागत नाही. स्कोअर १ ते ८ आणि तपासतं कॉम्प्युटर, त्यामुळे टेस्ट संपता संपता कळतो. ते बघतं की तुम्ही एक बाजू धरलीय का, परिच्छेद नीट पाडलेत का, मुद्द्याला उदाहरण दिलंय का, वाक्यं सगळी एकाच साच्याची आहेत का, व्याकरण बरंय का.

आपली सवय काय असते, आधी प्रस्तावना, मग नाण्याच्या दोन बाजू, मग शेवटी हळूच आपलं मत. शाळेत त्याला मार्क मिळायचे. इथे उलटं करा, पहिल्याच परिच्छेदात "मला असं वाटतं" हे स्पष्ट लिहा. समजा प्रश्न आला की माणसाने स्थिर नोकरी धरावी की आवडीचं काम, तर पहिल्या चार ओळींत तुमची बाजू, मग एक कारण आणि त्याला एका ओळखीच्या माणसाचं खरं उदाहरण, अगदी तुमच्या दुकानात घडलेलं चालेल, मग दुसरं कारण, मग समोरचा काय म्हणेल आणि तुम्हाला ते का पटत नाही, आणि संपलं. मोठे शब्द शोधत बसू नका. घरी आठवड्यातून दोनदा असं लिहा, हाताने नाही तर कीबोर्डवर आणि स्पेलचेक बंद करून, कारण टेस्टमध्ये लाल रेघ येत नाही. लिहून झालं की मोठ्याने वाचा, राहिलेले "द" आणि "अ" आणि क्रियापदांचे "एस" कानाला लगेच कळतात.

प्रश्न: टेस्ट दिली, मॅथचा स्कोअर कटऑफला थोडासाच कमी आला. परत देता येते का? आणि मला वाचायचा चष्मा, स्क्रीनवर अक्षरं फार बारीक होती, डोकं दुखायला लागलं. (वय ५८)

उत्तर: परत देता येते, नियम प्रत्येक कॉलेजचा वेगळा, काही ठिकाणी मध्ये थोडे दिवस थांबायला लावतात, काही ठिकाणी फी घेतात. स्कोअर थोडासाच कमी असेल तर लगेच दुसरी तारीख घेऊ नका, आधी रिपोर्ट मागवून घ्या, कुठल्या भागात गेलं ते त्यात दिसतं, तेवढंच पक्कं करा. शिवाय ॲडव्हायझरला विचारा की कटऑफजवळच्यांसाठी को-रिक्विझिट आहे का, असेल तर कदाचित परत टेस्ट द्यायचीही गरज नाही.

डोळ्यांचं मात्र सहन करू नका. साधं चष्म्याचं असेल तर टेस्टिंग सेंटरलाच सांगा, अक्षर मोठं करून देतात आणि मोठ्या स्क्रीनच्या मशीनवर बसवतात. रीडिंग, रायटिंग, मॅथ एकाच दिवशी द्यायची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते, मॅथ वेगळ्या दिवशी सकाळी ठेवा. आणि डोळ्यांचा, ऐकण्याचा, पाठीचा किंवा डोकेदुखीचा खरा त्रास असेल तर कॉलेजच्या डिसॲबिलिटी सर्व्हिसेस ऑफिसात जा, एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली मोठ्या अक्षरांचा पेपर, मध्ये विश्रांती, वेगळी खोली हे मागणं तुमचा हक्क आहे. डॉक्टरचं पत्र लागतं आणि मंजुरीला वेळ जातो, म्हणून आधी ते पत्र द्या आणि मंजुरी हातात आली की मग टेस्टची तारीख घ्या.